नांदूरमध्यमेश्वर: गाळाने वसवलेला मुलूख

गोदावरी नाशिक शहरातून पूर्वेला निघते, वाटेत दारणेला पोटात घेते, चांदोरी-सायखेडा मागे टाकते आणि निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला पोचेपर्यंत तिचं रूपच पालटतं. पात्र पसरट होतं. मध्ये गवताची बेटं वर आलेली, काठाने पाणकणसाची दाट बनं, कुठे घोटाभर पाणी, कुठे नुसता चिखल. नाशिकपासून साठेक किलोमीटरवरची ही दलदल म्हणजे महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा, म्हणजे पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीत असलेली. हिवाळ्यात रविवारी इथे गाड्यांची रांग लागते. लोक येतात, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि बदकं बघतात, फोटो काढतात आणि दुपारच्या जेवणाला घरी परततात.

पक्षी बघायला यायलाच हवं. पण ही दलदल आली कुठून, तिच्या काठची गावं तिच्यावर कशी जगतात, आणि इथला एक प्रश्न सोडवायला गेलं की दुसरा का उसवतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. आपण नाशिककर या दलदलीच्या वरच्या अंगाला राहतो. आपण नदीत जे सोडतो ते सगळं तिथे जाऊन थांबतं. म्हणून हे समजून घेणं मला आपल्या सगळ्यांचं काम वाटतं. सुरुवात करायची तर गाळापासून करावी लागेल, आणि गाळाची गोष्ट सुरू होते एका भिंतीपासून.

भिंत बांधली ती कुणासाठी

सव्वाशे वर्षांपूर्वी इथे दलदल नव्हती, संगम होता. दिंडोरीकडच्या डोंगरातून निघालेली कडवा नदी निफाडवरून खाली येते आणि इथे गोदावरीला मिळते. संगम म्हटला की देऊळ आलंच. काळ्या दगडातलं मध्यमेश्वराचं देऊळ इथे आहे, मृगव्याधेश्वराचंही आहे. रामाने मायावी हरणावर बाण सोडला तो इथूनच, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. थोडं वर चांदोरीला तर नदीच्या पात्रातच जुनी दगडी देवळं आहेत. एरवी ती पाण्याखाली असतात, एखाद्या उन्हाळ्यात पाणी खूपच खाली गेलं तर दिसतात. म्हणजे माणसाची वहिवाट या काठावर फार जुनी आहे, दलदल मात्र अलीकडची.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दख्खनवर एकामागून एक दुष्काळ आले. १८७६ ते ७८ चा, मग १८९६-९७ चा, आणि तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा. घाटमाथ्यापासून जितकं पूर्वेला जावं तितका पाऊस घटत जातो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, निफाडला जेमतेम पाच-सहाशे, आणि पुढे कोपरगाव-राहात्याकडे त्याहूनही बेभरवशाचा. तेव्हाच्या सरकारने या कोरड्या पट्ट्याला कालव्याने पाणी द्यायचं ठरवलं. त्यासाठी जागा हवी होती ती अशी, जिथे वरच्या सगळ्या नद्यांचं पाणी एकत्र येतं. गोदावरी, दारणा आणि कडवा या तिघींचं पाणी नांदूरमध्यमेश्वरला एकाच पात्रात असतं. १९०७ साली इथे बंधाऱ्याचं काम सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत नदीवर आडवी दगडी भिंत उभी राहिली.

इथे धरण आणि बंधारा यांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. धरण पाणी साठवायला बांधतात. हा बंधारा पाण्याची पातळी उचलायला बांधला. नदी खोलगट पात्रातून वाहते, कालवे काठावरून निघतात, तेव्हा पाणी कालव्याच्या तोंडापर्यंत चढवायचं तर मध्ये अडसर हवा. एवढंच त्या भिंतीचं काम. साठवण दुसरीकडे, वरच्या अंगाला केली. इगतपुरी तालुक्यातलं दारणा धरण १९१६ चं. त्यातलं पाणी सोडलं की ते नदीनेच वाहत खाली बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उजव्या-डाव्या कालव्यात शिरतं. पुढे गंगापूर, पालखेड, करंजवण, मुकणे, भावली अशी धरणं होत गेली, पण मांडणी तीच राहिली. पाणी साठतं एका तालुक्यात, वळतं दुसऱ्यात आणि पिकतं तिसऱ्यात.

नांदूरमध्यमेश्वर, चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी, करंजगाव, कोठुरे ही गावं या मांडणीच्या बरोबर मध्ये आली. बंधारा त्यांच्या दारात बांधला, पण तो त्यांच्यासाठी बांधलेला नव्हता. कालव्याचं पाणी मुख्यतः पुढच्या जिल्ह्याला गेलं. या गावांच्या वाट्याला आलं ते भिंतीमागे तुंबलेलं पाणी, आणि त्या पाण्याबरोबर दर पावसाळ्यात येऊन बसणारी माती.

गाळ कसा बसतो आणि त्यातून दलदल कशी होते

पुराचं गढूळ पाणी तांब्यात भरून ठेवलं तर तासाभरात तळाशी माती बसते आणि वर निवळ राहते. नदीचंही तेच. जोरात वाहणारं पाणी माती, वाळू, गोटे सगळं उचलून नेतं. वेग कमी झाला की ओझं टाकून देतं. आधी जड वाळू पडते, मग बारीक माती, आणि सगळ्यात शेवटी अगदी पिठासारखी चिकणमाती. बंधाऱ्यामागे पाणी संथ होतं, म्हणून तिथे ही बारीक माती सावकाश बसत जाते.

आपल्याकडची माती बहुतेक काळ्या दगडाची झीज होऊन झालेली. ओली झाली की ती चिकट होते आणि पुराच्या पाण्यात सहज विरघळते. वरच्या धरणांनी थोडा गाळ अडवला हे खरं, पण धरणांच्या खालची सगळी नांगरलेली शेतं, ओढे आणि ढासळणारे काठ उरतातच. शंभराहून जास्त पावसाळे ही माती येत राहिली. बंधाऱ्यात पाण्याला असलेली बरीचशी जागा गाळाने खाल्ली, पात्र उथळ झालं, गाळाचे उंचवटे पाण्याबाहेर आले आणि त्यांची बेटं झाली.

पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसान आहे. जिवांच्या हिशेबात इथूनच दलदलीचा जन्म झाला. खोल धरणात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचत नाही, म्हणून तळ जवळजवळ निर्जीव असतो. पाणी गुडघाभर असेल तर ऊन तळाला लागतं, पाणवनस्पती उगवतात, त्यांच्या देठांना गोगलगाई आणि किडे चिकटतात, त्यांच्यामागे लहान मासे येतात. गाळ स्वतःच खतासारखा सुपीक. असं अन्न जिथे आहे तिथे पक्षी न सांगता येतात.

या उथळपणातही वाटण्या आहेत, आणि त्या पाहायला फार मजा येते. घोटाभर पाण्यात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उभा राहून किडे टिपतो. चमचा पाण्यात चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकतो. थापट्या बदक पृष्ठभागावरून पाणी गाळत जातं, तलवार बदक शेपूट वर करून बुडी मारतं आणि तळाची मुळं काढतं. उघड्या पाण्यात काळ्या वारकऱ्यांचे थवेच्या थवे. पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडून येतात, दिवस पाण्यात काढतात आणि काठच्या शेतात चरतात. चित्रबलाक, शराटी, चक्रवाक, कमळपक्षी, आणि या सगळ्यांवर डोळा ठेवून पाणकणसावरून खालून उडणारा दलदली भोवत्या. एकाच तळ्यात एवढ्या जातींचं भागतं, कारण प्रत्येकाची खोली वेगळी आणि ताट वेगळं.

कधी संधी मिळाली तर जांभळ्या पाणकोंबडीकडे पाच मिनिटं नुसतं बघत राहा. कोंबडीएवढी, निळसर-जांभळी, कपाळावर लाल टिळा. पाणकणसाचा कोवळा कोंब चोचीने उपटते, मग एका पायाच्या लांब बोटांत देठ पकडते, हातात ऊस धरावा तसा, आणि बाहेरचा पापुद्रा सोलत सोलत आतला मऊ पांढरा गाभा खाते. उरलेली सालपटं पाण्यात पडतात, कुजतात आणि त्यावर किडे पोसतात. दलदल अशी चालते. कुणाचंही उष्टं वाया जात नाही.

पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी या जागेची तुलना भरतपूरशी केली असं इथे सगळे सांगतात, आणि ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ हे नाव तेव्हापासून चिकटलं. ही तुलना आणखी एका अर्थाने खरी आहे. राजस्थानातलं भरतपूरही माणसाने बांध घालून पाणी वळवल्यामुळेच झालं. माणसाने केलेली आहे म्हणून ही जागा कमी मोलाची, असं मला अजिबात वाटत नाही. शंभर वर्षं पाखरं जिला आपली मानत आली, ती त्यांचीच झाली. पण माणसाने केलेली असल्यामुळे ती आपोआप टिकेल असंही नाही. भिंत, दारं, कालवे आणि वरची धरणं कशी चालवली जातात यावर तिचं आयुष्य ठरतं.

काठावरचं जगणं

या गावांत दोन तऱ्हेचे लोक पाण्यावर जगतात, मासे धरणारे आणि शेती करणारे. दोघांचं पाण्याशी नातं वेगळं आहे, आणि गावातले बरेच ताण तिथूनच येतात.

मासेमारी मुख्यतः कोळी, भोई आणि भिल्ल कुटुंबांकडे. यातल्या पुष्कळांकडे जमीन नाही, किंवा असून नसल्यासारखी. संध्याकाळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तंगुसाचं जाळं लावायचं, पहाटे उचलायचं. जाळं उचलणं बाहेरून वाटतं तेवढं सोपं नाही. तराफा हलका, वाऱ्याने वाहणारा. एक पाय दुमडून, दुसरा पाण्यात सोडून तोल सांभाळायचा, डाव्या हाताने दोर ओढायचा आणि उजव्याने मासा सोडवायचा. चिलापीच्या पाठीवरचे काटे बोटात घुसतात. थंडीत तर बोटं कामच करत नाहीत. निफाडची थंडी साधी नव्हे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो, राज्यातल्या सगळ्यात थंड जागांमध्ये ही जागा असते. त्या पहाटे कमरेपर्यंत ओलं होऊन जो मासा हाती येतो तो रोहू, कटला, मृगळ असतो, नशीब असेल तर वाम किंवा मरळ, आणि हल्ली बहुतेक वेळा चिलापी. चिलापी बाहेरची. ती कुठल्याही पाण्यात तगते, भराभर वाढते आणि मूळच्या माशांना मागे सारते. जाळं भरतं, पण भाव पडतो.

शेतीकडे बघाल तर चित्र अगदी वेगळं. काठाला विजेच्या मोटारी ओळीने बसवलेल्या, तिथून निघालेल्या पाइपलाइनी किलोमीटरच्या किलोमीटर आत गेलेल्या. भिंतीमागे थांबलेल्या पाण्याने पुढच्या जिल्ह्यासारखंच हळूहळू इथेही बागायत आणली. निफाडची द्राक्षं, लासलगावच्या बाजारात जाणारा कांदा, ऊस, गहू. उसाने एक पाहुणा आणला, बिबट्या. दहा-बारा महिने उभं असलेलं उसाचं शेत त्याला रानासारखंच. मादी तिथे पिल्लं घालते, ऊसतोड सुरू झाली की ती उघडी पडतात आणि गावात धांदल उडते. बिबट्या इथे जंगल उरलं म्हणून आला नाही. आडोसा, पाणी आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या या तिन्ही गोष्टी त्याला एका जागी मिळाल्या.

पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळावर पेरणी करायची, ही गाळपेर आपल्याकडच्या धरणकाठांची जुनी पद्धत. नांगराशिवाय, खताशिवाय, उरलेल्या ओलीवर हरभरा किंवा गहू येतो. भूमिहीन माणसाला हा मोठा आधार. पण पाणी ओसरण्याची हीच वेळ पक्ष्यांनाही हवी असते, कारण उघड्या चिखलातच त्यांचे किडे असतात. माणूस आणि पाखरू एकाच चिखलाकडे बघत असतात.

मालक किती

गुंता इथे सुरू होतो. दलदलीतलं पाणी आणि बंधारा जलसंपदा खात्याकडे. पाण्यावरचे पक्षी वन खात्याकडे. काठची जमीन शेतकऱ्यांच्या नावावर. मासे म्हटलं तर मत्स्य खातं आलं, मोटारींना वीज द्यायला वीज कंपनी, आणि नदीत काय सोडलं जातं ते वरच्या शहराच्या हातात. संपूर्ण दलदल ज्याच्या ताब्यात आहे असा एकही मालक नाही.

१९८६ साली हे अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र १००.१२ चौरस किलोमीटर. एवढ्या क्षेत्रात पाणी थोडंच, बाकी गावं आणि शेतं. कागदावर अभयारण्य म्हटल्यावर मासेमारी, चराई, गवत कापणं, बांधकाम या सगळ्याला परवानगीचा प्रश्न येतो. ज्याचं घर आणि द्राक्षबाग आधीपासून तिथे आहे त्याला एका सकाळी कळतं की आपण अभयारण्यात राहतो. त्याची चीड मला समजते. जंगलासाठी केलेला कायदा बागायती गावावर जसाच्या तसा बसवला की ओढाताण होणारच.

पुढे २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत नाव आल्याचं जाहीर झालं. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात आपला देशही आहे. या यादीतलं क्षेत्र मात्र अभयारण्यापेक्षा खूपच लहान, १,४३७ हेक्टर, म्हणजे साधारण साडेचौदा चौरस किलोमीटर. प्रत्यक्ष दलदल आणि तिच्या लगतचा भाग. इथे ५३६ जातींच्या जिवांची नोंद आहे. रामसरबद्दल एक गैरसमज बराच पसरलेला आहे की दर्जा मिळाला म्हणजे जमीन जाते किंवा परदेशी संस्थेचा ताबा येतो. तसं काही होत नाही. मालकी बदलत नाही. आपल्या सरकारने शब्द दिलेला असतो की या जागेचं पाणथळपण टिकवू आणि वापर शहाणपणाने करू. ‘वापर’ हा या करारातला महत्त्वाचा भाग आहे. मासेमारी, शेती, गवत हे सगळं त्यात बसतं, दलदल मोडणार नाही एवढंच पाहायचं असतं. माझ्या मते अभयारण्याच्या कायद्यापेक्षा ही भाषा इथल्या जगण्याच्या जास्त जवळची आहे, आणि गावांनी ती आपल्या बाजूने वापरायला हवी.

वन खात्याने चापडगावला निरीक्षण मनोरे उभारले, गावातल्या तरुणांना पक्षी ओळखायला शिकवून मार्गदर्शक केलं. त्यातले काही आज पाण्यावरून उडणारं बदक नुसत्या पंखांच्या झापेवरून ओळखतात. पक्ष्यांमुळे घरात पैसा यायला लागला की पक्ष्यांची राखण आपसूक होते. पण हा पैसा अजून हिवाळ्यापुरता आणि थोड्या घरांपुरताच आहे.

सायखेड्याचा पूर

ज्या गाळाने पाखरं आणली तोच वरच्या गावांत पाणी शिरवतो. दलदलीच्या वरच्या अंगाला सायखेडा आणि चांदोरी. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये या गावांत घराघरांत पाणी होतं. बाजारपेठ बुडाली, माणसं बोटींतून काढावी लागली. पूर्वीही पूर आले, १९६९ चा तर नाशिककर अजून विसरलेले नाहीत. पण आता कमी पाण्यातही पूर चढतो, असं या गावांचं म्हणणं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

होतं असं. गंगापूर आणि दारणा दोन्हीकडून एकदम विसर्ग सुटतो. दोन्ही पाणी दारणा-सांगवीजवळ एक होतं. पुढे पात्र गाळाने उथळ, त्यात झाडोरा, शेवटी बंधाऱ्याची भिंत. दारं उघडली तरी पुराला मुळातच वाट अरुंद. पुढचं पाणी सरेना म्हणजे मागचं फुगत जातं, आणि ही फूग मागे मागे चढत सायखेड्याच्या पुलापर्यंत येते. तिथे वरून वाहत आलेल्या पानवेली पुलाच्या खांबांना अडकून ढीग होतो. आता पूलच बंधारा झाला.

मग मागणी येते की गाळ काढा. ती रास्त आहे, पण सरसकट उपसा हा तिचा उपाय नाही असं मला वाटतं. एक तर शंभर वर्षांचा गाळ म्हणजे काही ट्रॉल्यांचं काम नव्हे. काढला तरी पुढच्या पावसाळ्यापासून पुन्हा बसायला सुरुवात होणार, कारण भिंत तिथेच आहे आणि वरची शेतं उघडीच आहेत. शिवाय सगळाच काढला तर उथळपणा गेला, आणि उथळपणा गेला की दलदलही गेली. करता येण्यासारखं काम याच्या मधलं आहे. पुराच्या मुख्य प्रवाहाची वाट मोकळी करायची, पुलापाशी आणि बंधाऱ्याच्या तोंडाशी साफसफाई पावसाळ्याआधी करायची, पुराचं पाणी झटकन जाईल अशी दारांची सोय करायची, आणि काठचे उथळ भाग, बेटं, पाणकणसाची बनं यांना हात लावायचा नाही. सुपीक गाळ शेतकऱ्यांना हवाच असतो, हलक्या जमिनीवर टाकायला तो सोन्यासारखा. कुठून किती न्यायचा हे आधी आखून दिलं तर पूर, शेत आणि पाखरं या तिघांचंही भागतं. सायखेड्यातल्या माणसाला ‘पक्ष्यांसाठी तुम्ही बुडा’ असं कुणी सांगू शकत नाही, सांगूही नये.

पानवेली म्हणजे आपलंच सांडपाणी

जलपर्णीला आपल्याकडे पानवेली म्हणतात. जांभळी फुलं, फुगीर देठ, हिरवीगार पानं. मूळ दक्षिण अमेरिकेची. तिला मुळं रोवायला जमीन लागत नाही, पाण्यावर तरंगत वाढते. अन्न आणि ऊब मिळाली की दोनेक आठवड्यांत दुपटीने पसरते.

हे अन्न कुठून येतं ते महत्त्वाचं. नत्र आणि स्फुरद, जे आपण शेताला खत म्हणून देतो, तेच शहराच्या मैल्यात आणि साबणाच्या पाण्यात असतं. नाशिकचं सांडपाणी प्रक्रिया करून नदीत सोडतात, काही तसंच मिसळतं. आता प्रक्रिया झाली म्हणजे पाणी निर्धोक झालं असं आपण समजतो. प्रत्यक्षात साध्या प्रक्रियेचा भर पाण्यातली घाण कुजवून काढण्यावर असतो. नत्र आणि स्फुरद काढायला वेगळी, महागडी सोय लागते. ती नसेल तर पाणी दिसायला स्वच्छ, पण पानवेलीसाठी जेवण तयारच. त्यात काठच्या बागांतून वाहून येणाऱ्या खतांची भर.

पानवेलीचा थर पसरला की खाली अंधार होतो. तळाच्या वनस्पती मरतात, कुजतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे तोंड वर काढून श्वास घ्यायला लागतात, मग मरतात. तराफा पुढे जात नाही, जाळं टाकायला जागा राहत नाही. कमळपक्षी त्या पानांवरून मजेत चालतो, पण वारकरी आणि बदकांना उघडं पाणी लागतं, ती दुसरीकडे जातात. यंत्राने पानवेली काढतात, पण वरून जेवण येत राहिलं तर पुढच्या मोसमात ती परत तिथेच असते. नाशिकला २०२७ च्या कुंभमेळ्याची तयारी चालू आहे, घाटांवर आणि शुद्धीकरण केंद्रांवर पैसा खर्च होतो आहे. त्या केंद्रांत नत्र-स्फुरद काढायची सोय आहे का, हा प्रश्न नाशिककरांनी विचारायला हवा. त्याचं उत्तर मांजरगावच्या जाळ्यात दिसणार आहे.

पाणी दिसतं, पण मोटार बंद

या गावांच्या वर्षाला दोन वेळापत्रकं आहेत, एक पावसाचं आणि एक आवर्तनांचं. कालव्याला पाणी सोडायच्या ठरवलेल्या पाळीला आवर्तन म्हणतात. आवर्तन येणार म्हटलं की बंधाऱ्याची पातळी चढते, संपलं की उतरते. पातळी दोन वीत चढली तरी दलदलीचा नकाशा बदलतो. चिखलाची बेटं बुडतात, घोटाभर पाण्यात चरणारे पक्षी उठतात. पाणी फार उतरलं तर बेटं काठाला जोडली जातात आणि कुत्री थेट घरट्यांपर्यंत पोचतात. पाणी सोडायचा निर्णय पिकं बघून होतो, पाखरांचा विचार त्यात सहसा नसतो.

त्यावर आणखी एक मोठी गोष्ट, जायकवाडी. पैठणचं हे धरण १९७६ साली पूर्ण झालं. गोदावरीच्या पाण्यावर वरच्यांचा हक्क किती आणि खालच्यांचा किती, हा वाद तेव्हापासूनचा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने टंचाईची झळ सगळ्यांनी सारखी सोसायची असं तत्त्व घातलं. त्यातून पुढे निकष ठरला की पावसाळा संपताना जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. मराठवाड्याची तहान खरी आहे आणि हे तत्त्व मला योग्य वाटतं. पण ते अमलात येताना दलदलीच्या काठी काय होतं ते शहरात बसून दिसत नाही. वरून सोडलेलं पाणी वाटेत कुणी उपसू नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची वीज तोडतात, छोट्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, कधी बंदोबस्त लावतात. ऐन कांद्याच्या लागवडीत डोळ्यांसमोर दुथडी नदी वाहत असते आणि मोटार बंद असते. याशिवाय इथूनच निघणारा जलद कालवा मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांना पाणी नेतो. एवढ्या सगळ्यांची वाट ज्या एका जागेवरून जाते, तिथल्या माणसाचं मत पाणीवाटपाच्या बैठकीत कुणी विचारतं का? मला वाटतं विचारायला हवं. दलदलीसाठी ठरावीक महिन्यांत किमान किती पातळी राखायची हे एकदा ठरवून लिहून ठेवलं, तर मच्छीमार, शेतकरी आणि वन खातं तिघांनाही आधी ठाऊक राहील.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी चांगले, उजाडताना चापडगावला पोचा आणि गावातला मार्गदर्शक घ्या. पक्षी दाखवून झाले की त्याला गाळ, पूर आणि मासे यांबद्दलही विचारा. या पाण्याबद्दल त्याला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. मे महिन्यात पक्षी थोडेच असतात आणि ऊन कडक, पण पाणी उतरलेलं असतं. बंधाऱ्यामागे किती माती येऊन बसली आहे ते त्याच दिवसांत डोळ्यांनी बघता येतं.